आक्कासाहेबांचे परमुलखी नाणे

एका राज्यात, जिथे पोपट दरवर्षी पेरूंचा कर भरीत आणि डोंगर पहाटे जांभया देत, मृगांकसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा मनाने चांगला. प्रजेवर माया, देवावर श्रद्धा, जेवणावर प्रेम. खोड एकच. कोणतीही गोष्ट पुढ्यात आली की तो कपाळाला बोट लावी आणि म्हणे, "उद्या पाहू."

एके दिवशी दूरदेशीचा एक व्यापारी गलबतातून उतरला. त्याने राजापुढे नजराणा मांडला. अत्तर, मोती, गाणारा शंख आणि सर्वांत शेवटी एक नाणे. नाणे हिरवट, काळवंडलेले, कडेला झिजलेले. एका बाजूस मुकुट घातलेल्या, फुगीर गालांच्या कुणा परक्या राजाचा चेहरा. दुसऱ्या बाजूस कोणालाच वाचता न येणारी अक्षरे. व्यापाऱ्याने ते चिमटीत धरून तबकात टाकले आणि इतक्या घाईने निघाला की पायताण दारातच विसरला.

प्रधान नाण्यावर वाकून म्हणाला, "महाराज, जुनं दिसतं. खजिन्यात ठेवावं."

खजिनदार म्हणाला, "महाराज, हलकं दिसतं. बाहेर टाकावं."

राजाने कपाळाला बोट लावले. "उद्या पाहू."

तत्क्षणी राज्यातल्या सगळ्या घंटा आपोआप एकदा वाजल्या आणि नाण्याबरोबर आलेला शाप लागू झाला.

त्या घटकेपासून त्या राज्यात कोणालाच काही ठरवता येईना. मुदपाकखान्यात आचारी मिठाची चिमूट भांड्यावर धरून उभा राहिला. टाकावी की न टाकावी? न्हावी वस्तरा घेऊन गिऱ्हाइकापुढे बसला. आधी डावा गाल की उजवा? सैन्य कवायतीला निघाले आणि पहिले पाऊल कोणते टाकावे यावर अडकून तिथेच उभे राहिले. पुढे त्यांच्या शिरस्त्राणांत चिमण्यांनी घरटी केली. एक चोर चौकात बसून होता, कारण कोणते घर फोडावे हे त्याला ठरेना. त्याच्याशेजारी चौकीदार बसून होता, कारण चोराला धरावे की सोडावे हे त्याला ठरेना. बसून बसून दोघांची चांगली ओळख झाली.

इथवर हसू येईल. पण राजधानीच्या डोक्यावर एक विस्तीर्ण तळे होते आणि त्याच्या बांधाला दोन दारे होती. डावे दार उघडले की पाणी कुंभारवाडीवरून जाई. उजवे उघडले की राजाच्या चाफेबागेतून. एरवी दोन्ही दारे थोडीथोडी किलकिली करीत आणि काम भागे. त्या वर्षी मात्र डोंगरातले सगळे झरे एकदम जागे झाले. तळे चढू लागले. आता एकच दार पुरते उघडायला हवे होते. दोन्ही उघडली तर बांध खिळखिळा होऊन कोसळणार, आणि एकही उघडले नाही तर तळे भरून बांध फुटणार, राजधानी बुडणार. राजा रोज बांधावर जाई, पाण्याकडे बघे, कपाळाला बोट लावी आणि परत येई.

या राजाची थोरली बहीण कमळजा शेजारच्या राज्यात दिलेली होती. सगळे तिला आक्कासाहेब म्हणत. आक्कासाहेब उंच, करड्या केसांच्या, आवाजाने खणखणीत. वाक्य समोरचा सुरू करी आणि पुरे त्या करीत. त्यांच्या यजमानांना लग्नापासून काहीही ठरवावे लागले नव्हते, त्यामुळे त्यांची प्रकृती उत्तम होती.

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला नाही. निरोपही आला नाही. आक्कासाहेबांनी निरांजन विझवले, पालखी मागवली आणि त्या निघाल्या.

भावाच्या राज्याच्या सीमेवर एक वड होता. तिथे पोचताच भोई थांबले. पालखी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावी की नाही, हे त्यांना ठरेना. आक्कासाहेब रागावून खाली उतरल्या, चालू लागल्या आणि सीमा ओलांडताच थबकल्या. पुढचा पाय कोणता टाकावा? असला प्रश्न त्यांच्या पायांनी त्यांना जन्मात विचारला नव्हता. त्या घाबरल्या. कशाबशा मागच्या मागे सीमेबाहेर आल्या, तेव्हा कुठे त्यांना श्वास आला. भोयांना पालखीच्या दांड्यासकट ओढून त्यांनी अलीकडे घेतले.

वडावर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. भलीमोठी पिवळी चोच, चोचीवर शिंग. तो म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या भावाच्या घरी एक परमुलखी नाणं आलं आहे. त्याचं काय करायचं हे ठरलं नाही. ते ठरेपर्यंत इथं दुसरं काही ठरणार नाही."

"मग मी ठरवते. नदीत फेकते."

"पुष्कळ राजांनी फेकलं. परत येतं. त्याची खरी किंमत जाणून घेऊन मग कोणीतरी म्हणायला हवं, ठेवलं किंवा टाकलं. तीन जणांना विचारा. ज्याला धातू कळतो त्याला, ज्याला काळ कळतो त्याला आणि जिला त्या नाण्याचं राज्य ठाऊक आहे तिला."

"आणि आत जाऊन ते आणायचं कसं? आत पाऊल टाकलं की माझंच डोकं चालेनासं होतं."

"बाहेर ठरवलेलं आत टिकतं," धनेश म्हणाला. "आत गेल्यावर नवीन काही ठरवू नका."

आक्कासाहेबांनी सीमेवर उभे राहून मोठ्याने ठरवले : सरळ आत जायचं, नाणं उचलायचं, सरळ बाहेर यायचं, कोणी काही विचारलं तर ऐकायचं नाही. आणि त्या निघाल्या.

वाटेत कुंभारवाडी लागली. माणसे गाठोडी बांधून दारात बसली होती. निघावे की थांबावे, हे त्यांना ठरत नव्हते. एका बाईच्या मांडीवर तान्हे मूल होते आणि तिची नजर बांधावरून हलत नव्हती. बांधाच्या कडेवरून पाणी मधूनमधून ओघळत होते. आक्कासाहेबांना तिच्याजवळ जावेसे वाटले, पण थांबायचे ठरले नव्हते म्हणून त्या थांबल्या नाहीत.

राजवाड्यात मृगांकसेन एका पायात मोजडी घालून बसला होता. बहिणीला पाहून त्याचे डोळे भरले. "आक्का, बरं झालं आलीस. दूध घेशील की ताक?"

आक्कासाहेबांचे पाऊल अडखळले. त्यांनी झटकन दोन्ही कानांत बोटे घातली, तबकातल्या नाण्याजवळ गेल्या, एका कानातले बोट काढून नाणे उचलले, कमरेला खोचले आणि आल्या वाटेने बाहेर पडल्या.

सीमेबाहेर येताच त्यांनी ते नदीत भिरकावले. धनेशाने चोच पंखात खुपसली. दुपारी भोयांनी भाजीसाठी भोपळा चिरला, तर आत नाणे.

ते खाकरले. मग म्हणाले, "बाई, पुन्हा आम्हाला पाण्यात टाकू नका. आम्हाला पाणी सोसत नाही."

"बोलता येतं तर आत का गप्प होता?"

"बोलावं की न बोलावं, हे ठरत नव्हतं. आम्ही सम्राट झमोरान. आमची किंमत काय विचारता? आम्ही शुद्ध सोन्याचे आहोत."

"मग हिरवे कसे?"

"प्रवासाने," नाणे म्हणाले.

धनेशाने वाट सांगितली. पहिला मुक्काम यक्षाच्या डोंगरात. तिथे एका गुहेत जुना यक्ष युगानुयुगे धनाची राखण करीत होता. डोळे लालबुंद, पापण्या जड. आक्कासाहेबांनी नाणे दाखवून विचारले. यक्ष म्हणाला, "सांगेन. पण आधी माझ्या जागी राखण कर. मी कधीच झोपलो नाही."

आक्कासाहेब दारात बसल्या. यक्ष आडवा झाला आणि गुहा घोरण्याने हलू लागली. मग धन बोलू लागले. रत्नांची समई म्हणाली, "आक्का, मला ने." पाचूचा हार म्हणाला, "आक्का, तुझ्या गळ्यात मी किती शोभेन." सोन्याचा पाट म्हणाला, "आक्का, दगडावर का बसलीस?" आक्कासाहेबांनी जागेवरूनच एकेकाला नाव घेऊन गप्प केले. पाट पुन्हा बोलला, तेव्हा त्याला उलटा करून ठेवला. यक्ष उठला, तेव्हा एक मणीही हलला नव्हता. त्याचे डोळे स्वच्छ झाले होते. त्याने नाणे जिभेला लावले.

"तांबं. त्यात शिसं. ओतणाऱ्यानं सोनं पाहिलेलंसुद्धा नव्हतं."

डोंगर उतरताना नाणे कमरेला चुळबुळत राहिले. मग म्हणाले, "यक्ष झोपेत होता."

"झोप झाल्यावर चाखलंय त्यानं."

"असो. धातूचं काय एवढं? आमचं मोल आमच्या प्राचीनतेत आहे."

दुसरा मुक्काम कमळतळ्यात. तिथे एक कासव राहत होते, इतके जुने की त्याच्या पाठीवर माती साचून जांभळीचे झाड उगवले होते. कासव म्हणाले, "सांगेन. पण आधी माझी हकीकत ऐक. आजवर सगळे मधेच उठून गेले. मधे बोलायचं नाही."

आक्कासाहेबांनी आयुष्यात कोणाचे वाक्यही पुरे होऊ दिले नव्हते. त्यांनी पदर तोंडात धरला. कासव सावकाश बोले. एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत बगळा मासा पकडून, खाऊन, झोपून उठे. पुढचा शब्द आक्कासाहेबांना आधीच कळे आणि ओठांपर्यंत येऊन त्यांना गुदगुल्या करी. घाम फुटला, पण त्या बोलल्या नाहीत. आणि ऐकता ऐकता त्यांना एक गोष्ट उमगली, की कासव दर वेळी त्यांना वाटलेल्या शब्दाहून वेगळा शब्द बोलत होते. पाठीवरची जांभळे पिकून गळाली, तेव्हा हकीकत संपली.

कासवाने नाण्याकडे पाहिले. "जुनं आहे. माझ्या तरुणपणीचं. पण माझ्या पोटाखालचा दगड त्याहून जुना आहे, आणि त्याला कोणी मखमलीवर ठेवलेलं नाही."

नाणे या वेळी कमरेच्या घडीत आणखी आत सरकले. मग हळूच म्हणाले, "आमची कीर्ती मात्र मोठी होती."

तिसरा मुक्काम समुद्रावर. तिथे एका खडकाखाली एक चेटकीण राहत होती. केस मिठाने ताठ झालेले, हातात मीठ दळायचे जाते. आक्कासाहेबांनी नाणे पुढे केले. चेटकिणीने जाते थांबवले.

"आलास का?" ती नाण्याला म्हणाली.

नाणे तळहातावर पालथे झाले.

"याची कीर्ती विचारतेस?" चेटकीण आक्कासाहेबांना म्हणाली. "इथं जे पाणी दिसतं ते याचं राज्य. याचं नाव आता फक्त मला ठाऊक आहे, आणि तेही रागामुळे. समुद्र चढत होता आणि हा रोज 'उद्या पाहू' म्हणत होता. माझं घर खालच्या वस्तीत होतं. बहिणीचंही. आम्ही मीठ करायचो. बहीण राहिली नाही. मी याचं नाणं केलं आणि शाप दिला, की ज्यानं ठरवलं नाही, त्याच्याविषयी कोणाला ठरवता येऊ नये. आता तुला धातू कळला, वय कळलं, कीर्ती कळली. ठेवतेस की टाकतेस? टाकलंस तर मी याला समुद्राच्या तळाशी पुरेन. तुझ्या भावाचं राज्य सुटेल. हेच तिसरं काम."

आक्कासाहेबांचे उत्तर तयार होते. टाकते, असे म्हणायला त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यात प्रथमच त्या काहीतरी ठरवण्यासाठी वाळूवर खाली बसल्या.

तेव्हा नाणे म्हणाले, "बाई, तुमच्या भावाच्या तळ्याचं पाणी कुठवर आलं होतं?"

त्याने स्वतःखेरीज दुसऱ्या कशाविषयी विचारल्याची ही पहिलीच वेळ होती.

"बांधाच्या काठावर."

"ओघळत होतं?"

"हो."

"मग फार वेळ नाही. आमच्याकडेही आधी ओघळलं होतं." नाणे थांबले. मग म्हणाले, "आमची किंमत तुम्हाला कळली आहे. टाकते म्हणालात तर आमची तक्रार नाही. एवढंच, की ते पाणी पुढे काय करतं, हे पाहिलेला माणूस तुमच्याकडे दुसरा नाही."

आक्कासाहेब उठल्या. लुगड्याची वाळू झटकली. "ठेवते," त्या म्हणाल्या.

"सोनं नाही, मान नाही, नाव नाही, हे जाणून?" चेटकिणीने विचारले.

"जाणून."

"मग एक गाठ सुटली, तुझ्या भावाच्या राज्याची. दुसरी याची स्वतःची आहे. याच्यामुळे एखादं घर बुडता बुडता वाचेल, त्या दिवशी हा माणूस होईल. तोवर नाणंच." चेटकिणीने पालखीला फुंकर मारली. पालखी भोयांसकट उडाली आणि वडाजवळ अलगद उतरली. भोयांनी चटकन खांदा बदलला आणि ते धावू लागले.

राज्य जागे झाले होते. आचाऱ्याने मीठ टाकले. न्हाव्याने डाव्या गालापासून सुरुवात केली. सैन्याने एकदम पाऊल टाकले आणि शिरस्त्राणांतल्या चिमण्या ओरडल्या. चौकात चोराने पळायचे ठरवले, चौकीदाराने धरायचे ठरवले. दोघे गावाला वळसा घालून दमले आणि पुन्हा त्याच चौकात येऊन बसले. कुंभारवाडीची माणसे गाठोडी उचलून निघाली होती, पण म्हातारे होते, आजारी होते, भट्टीतली भांडी होती. वाडी रिकामी व्हायला वेळ लागणार होता.

राजा मृगांकसेन बांधावर उभा होता. पाणी त्याच्या घोट्याला लागत होते.

"मृगांका, शाप सुटला," आक्कासाहेब म्हणाल्या.

"कळलं मला. सकाळी दोन्ही मोजड्या घातल्या."

"मग दार उघड."

राजाने कपाळाला बोट लावले. "उद्या..." तो म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "आक्का, पहिला चाफा आईनं लावलेला आहे. तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

आक्कासाहेबांनी खाली चाफ्याकडे पाहिले. आई त्यांचीही होती. शाप नव्हता, जादू नव्हती, आणि तरी भावाचा हात हलत नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच उजव्या दाराच्या चाकाकडे निघाल्या.

"बाई, थांबा," कमरेचे नाणे म्हणाले. "दार त्याचं आहे. आज तुम्ही उघडाल. पुढच्या खेपेला तुम्ही नसाल. आम्हाला त्याच्या हातावर ठेवा."

आक्कासाहेबांना हे मुळीच आवडले नाही. पण त्यांनी ऐकले.

नाणे राजाच्या तळहातावरून बोलू लागले. "राजा, आमच्या समुद्र अडवणाऱ्या भिंतीलाही दोन दारं होती. एका बाजूस मीठवाल्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूस आमचे पांढरे घोडे. ते आम्हाला पोटच्या मुलांसारखे होते. आम्ही प्रधानाला विचारलं, ज्योतिष्याला विचारलं, उद्या पाहू म्हणालो. उद्या उजाडला तेव्हा भिंत नव्हती. वस्ती गेली."

"आणि घोडे?" राजाने विचारले.

"घोडेही गेले. तेच तर सांगतो. आम्हाला वाटत होतं की न ठरवून आम्ही घोडे वाचवत आहोत."

राजाने खाली बागेकडे पाहिले. चाफा फुलला होता. मग त्याने कुंभारवाडीकडे पाहिले. तान्ह्याला कडेवर घेतलेली ती बाई एका आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून चढावाकडे नेत होती. राजाने नाणे मुठीत घट्ट धरले, उजव्या दाराच्या चाकाशी गेला आणि ओढू लागला. चाक गंजले होते. आक्कासाहेब मदतीला धावल्या, प्रधान धावला, खजिनदार धावला, सगळ्यांत शेवटी चोर आणि चौकीदार धावले. दार कुरकुरले, उचलले आणि पाणी चाफेबागेत घुसले.

झाडे एकामागून एक आडवी झाली. आईचा चाफा सर्वांत शेवटी गेला. राजा रडला, आक्कासाहेबही रडल्या, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता डोळे पुसले. तळे उतरू लागले. कुंभारवाडीत एकही मडके फुटले नाही.

तेवढ्यात राजाच्या मुठीला चटका बसला. त्याने मूठ उघडली. नाणे खाली पडले आणि जिथे पडले तिथे एक बुटका, फुगीर गालांचा, हिरवट अंगरख्यातला म्हातारा बसलेला होता. त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग तो शिंकला.

आता या परक्या सम्राटाचे काय करावे, हा प्रश्न दरबारात आला. प्रधान म्हणाला, पाहुणा म्हणून ठेवावा. खजिनदार म्हणाला, मानाने बोळवावा. सगळ्यांनी राजाकडे पाहिले. मग सवयीने आक्कासाहेबांकडे पाहिले. आक्कासाहेब म्हणाल्या, "त्यालाच विचारा. तोंड आहे त्याला."

झमोरानला सगळ्यांनी विचारले. तो उठून उभा राहिला. घाम फुटला, ओठ हलले, शब्द येईना. दरबार थांबला. आक्कासाहेबांच्या ओठांवर उत्तर आले होते, पण त्या गप्प राहिल्या.

"मी राहतो," झमोरान म्हणाला. आम्ही नव्हे, मी. "ती उजाड बाग मला द्या."

राजाला वाटले, हा परदेशी चाफा लावील. कारंजी करील. झमोरानने कोणालाही न विचारता सगळ्या बागेत वांगी लावली. राजाचे तोंड पडले. पण तळ्याच्या गाळात वांगी अशी धरली की एकेक वांगे उशीएवढे. कुंभारवाडीला पोचली, सैन्याला पोचली, सीमेपलीकडे आक्कासाहेबांच्या यजमानांना पोचली. भरीत खाऊन त्यांनी लग्नानंतर प्रथमच स्वतःहून काहीतरी ठरवले : "आणखी वाढ," म्हणाले.

तळे आपल्या जागी राहिले, राजा गादीवर राहिला, झरे पुन्हा झोपी गेले. त्यांचे जसे मार्गी लागले, तसे ऐकणाऱ्यांचे आणि सांगणाऱ्याचेही लागो.